बोट तीन तारे, मोटर साडेतीन, सोबतची जाकिटं शून्य

आधी निकाल सांगून टाकतो. चार माणसांची हवेची बोट, 16,800 रुपये, तीन तारे. तिला मागून लावायची 12 व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर, 19,500 रुपये, साडेतीन तारे. मोटर बसवायचा स्टँड वेगळा घ्यावा लागतो हे खोकं उघडल्यावर कळलं. त्यात 3,200 गेले आणि अर्धा तारा गेला. बोटीसोबत फुकट आलेल्या, पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या दोन जाकिटांना शून्य, कारण त्याच्या खाली देता येत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच बोट रंग बदलून तीन-चार नावांनी मिळते. एकाचं नाव घेतलं तर लोक दुसऱ्या नावाची घेतील आणि तेच भोगतील.

मी रेल्वेचा, भुसावळ लोकोचा माणूस. डिझेल असिस्टंट म्हणून लागलो, मेल-एक्स्प्रेसचा लोको पायलट म्हणून 2021 साली निवृत्त झालो. आता यावल तालुक्यात केळी आहे आणि केळीसाठी शेततळं आहे. वरून 44 बाय 44 मीटर, भरलं की पाण्याचा पसारा 40 बाय 40, मधोमध चार मीटर खोल. उन्हाळ्यात आणि दिवाळीत दोन नातवंडं पुण्याहून येतात. थोरली नात आता दहाची, बारक्या सातचा.

या सगळ्याचं मूळ मालवणला आहे. मागच्या वर्षी तिथे किनाऱ्यावर एक जण जेट स्की घेऊन उभा होता. म्हणाला, "काका, पोराला पुढे बसवतो, हँडल त्याच्या हातात देतो, फोटो काढा." बारक्या लगेच निघाला. मी नाही म्हटलं आणि पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. जेट स्की मागून पाण्याचा झोत मारून चालते, आणि तो झोत वळवला की गाडी वळते. लिव्हर सोडलं की झोत बंद, मग हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. लहान पोर घाबरलं की पहिलं काम काय करतं? हात सोडतं. म्हणजे ज्या क्षणी वळायला हवं त्याच क्षणी वळता येत नाही. ती बनवणारे मोठे कारखानेसुद्धा आपल्या पुस्तिकेत चालवणारा किमान 16 वर्षांचा असावा असंच लिहितात. सात वर्षांचं पोर पुढे बसवून फोटो काढा, असं कुठल्याच पुस्तिकेत नाही.

पण पोराला पाण्यावर काहीतरी "स्वतः चालवायचं" होतं. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलो. हल्लीच्या पोरांना तेवढंही मिळत नाही. म्हणून म्हटलं, हळू चालणारं, आवाज न करणारं, आपल्याच तळ्यात चालेल असं काही मिळतं का बघू. मिळालं, ते हे.

गावात गंमत झाली. खान्देशात मोटर म्हटलं की विहिरीवरची मोटर. "तळ्यात मोटर टाकली" असं मी म्हटलं की समोरचा विचारायचा, किती एचपीची? सांगायलाही लाज वाटायची. या मोटरीला 30 पाउंड ढकल आहे, पूर्ण वेगात ती 30 अँपिअरच्या आसपास ओढते. 12 व्होल्ट गुणिले 30 म्हणजे 360 वॅट, अर्धा एचपीसुद्धा नाही. माझ्या विहिरीवर साडेसातची आहे. पण हाच या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण आहे. पाच नंबरवर, म्हणजे पूर्ण वेगात, मी स्वतः घड्याळ लावून बघितलं. दोन पोरं आणि मी असे तिघं बसून 40 मीटरला 33 सेकंद. ताशी साडेचार किलोमीटरच्या आत. मळ्यातून घरी येणारा माणूस तेवढाच चालतो. दोन नंबरवर त्याच अंतराला एक मिनिट लागतं आणि करंट दहाच्या आत राहतो. मुलं शिकतात ती दोन नंबरवर. तीनच्या पुढे फिरू नये म्हणून मी वेगाच्या मुठीला एक खिळा आडवा मारून घेतला आहे. वॉरंटी गेली असेल तर गेली.

बोटीबद्दल थोडक्यात. कापड जाड आहे, तीन वेगळ्या हवेच्या कप्प्यांची आहे, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. किती माणसं आणि किती किलो हे बाजूला छापलेलं आहे. चार माणसं लिहिली आहेत, पण बॅटरी ठेवल्यावर मी तिघांच्या वर बसवत नाही. पंप हातचा आहे, सोबतच येतो, पंचवीस मिनिटं लागतात. वल्ही प्लास्टिकची आणि हलकी असली तरी ती बोटीतून कधीच काढायची नाहीत. बॅटरी संपली की शेवटी तीच.

बॅटरीसाठी मी घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर वापरली. ट्रॅक्टरची वापरू नका. ती एका झटक्यात इंजिन फिरवायला केलेली असते, हळूहळू रिकामी करायला नाही, आणि तसं केलं तर वर्षात बसते. वजन मात्र भारी आहे. मोटर मागे, बॅटरी मागे, माझ्यासारखा 80 किलोचा माणूसही मागे, अशी बसायची व्यवस्था कंपनीच्या चित्रात दाखवली आहे. तसं केलं तर नाक आभाळाकडे जातं आणि मागून पाणी आत येतं. बॅटरी पुढे ठेवा, जाड वायर टाका, बॅटरीजवळच 50 अँपिअरचा फ्यूज टाका. सोबतची वायर अर्ध्या तासात हाताला गरम लागली होती.

आता चालवण्याबद्दल. मोटरीचा दांडा हातात धरून चालवायची असते. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. मला हे आठ दिवस जमलं नाही. चौतीस वर्षं रुळांवर गेलेला माणूस, वळायचं कुठे ते रूळच ठरवायचे. थोरलीला वीस मिनिटांत जमलं. तिच्यासाठी पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन पाण्यात सोडले, खाली वाळूची पिशवी बांधून. वीट बांधू नका, विटेचा कोपरा खालचं प्लास्टिक फाडतो. त्या कॅनांमधून नागमोडी जायचं, एकालाही न शिवता. तिला लगेच कळलं की बोट पुढून वळत नाही, मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि मग नाक वळतं. बारक्याला हे अजून कळलेलं नाही. तो कॅनावर आदळतो आणि कॅनाला शिव्या देतो.

ब्रेक नाही. हे पोरांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. काठ तीन बोटी लांब असतानाच मोटर बंद करायची आणि बोट आपोआप सरकत जाऊ द्यायची. मालगाडी थांबायला किलोमीटरभर लागतो हे ज्याने भोगलं आहे त्याला हे शिकवायला मजा येते. "आबा, अजून लांब आहे," पोरं म्हणतात. लांब असतानाच थांबायचं असतं.

सुरुवातीचे चार दिवस बोटीच्या नाकाला दोर बांधून मी काठावर उभा राहायचो, दुसरं टोक माझ्या हातात. वासराला दावं असतं तसं. दोर पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि मग बरोबर पंख्यात जाऊन गुंडाळतो. हे मी नायलॉनचा दोर पंख्यातून कापून काढल्यावर शिकलो.

एवढं सगळं ठीक चाललं होतं. आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसलो.

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळचे आठ. तोवर मुठीला खिळा नव्हता. थोरली दांड्यावर, मी पुढे, बारक्या काठावर आजीजवळ. तीन नंबरवर चाललो होतो. बॅटरीवर टाकलेलं फडकं उडायला लागलं म्हणून मी ते धरायला अर्धवट उठलो. हवेच्या बोटीत अर्धवट उठणं म्हणजे काय ते उठल्यावर कळतं. मी सरळ पाण्यात गेलो. अंगावर कंपनीचं फुकटचं जाकीट होतं. ते माझ्याआधी वर गेलं. म्हणजे मी खाली आणि जाकीट कानाशी, तोंडासमोर भगवं प्लास्टिक, समोरचं काही दिसेना.

पोरीने किंचाळून दांडा सोडला. साहजिक आहे. आणि इथे या मोटरीचा खरा दोष आहे, जो विकणाऱ्याच्या पानावर कुठेच लिहिलेला नाही. स्कूटरची मूठ सोडली की ती आपोआप मागे येते, गाडी मंदावते. या मोटरीची मूठ जिथे ठेवली तिथेच राहते. मासे पकडणाऱ्यांसाठी ती केलेली आहे, त्यांना हात मोकळे हवे असतात, त्यांच्यासाठी हाच गुण. माणूस पडला तरी मोटर तीन नंबरवर चालूच. दांडा मोकळा सुटला, बोट गोल फिरली, माझ्यापासून दोन हातांवरून गेली. पंखा पाण्याखाली फिरतोय हे मला माहीत होतं, म्हणून मी पाय पोटाशी घेतले. मग ती आडवी काठाला घासत गेली, पंखा तिरक्या भिंतीच्या प्लास्टिकला लागला आणि फडफड असा आवाज यायला लागला.

काठावरून आमची मंडळी ओरडत होती. ती साक्रीकडची, घाबरली की अहिराणीत येते. "वायर काढ वं, वायर काढ!" पोरीने बॅटरीवरचा चिमटा ओढला, ठिणगी उडाली, मोटर थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

शेततळ्याला दोन-अडीच फुटांची चीर पडली, पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर. प्लास्टिक जोडणारा चार दिवसांनी आला. तोवर पाणी त्या चिरेपर्यंत उतरलं होतं. हिशेब केला, नऊ लाख लिटरच्या आसपास. माझी तीन हजार खोडं आहेत, उन्हाळ्यात खोडाला रोज वीस लिटर धरा, म्हणजे पंधरा दिवसांचं पाणी एका सकाळच्या चुकीने गेलं. जोडणाऱ्याचे पैसे वेगळे. मुलाने फोनवर काही बोलायचं ठेवलं नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणून ऐकून घेतलं.

त्या रात्री झोप आली नाही. पाण्यामुळे नाही. मी ज्या इंजिनावर आयुष्य काढलं त्यात व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस नावाचं यंत्र असतं. लोको पायलटने 60 सेकंद कशालाच हात लावला नाही, ना हॉर्न, ना थ्रॉटल, ना ब्रेक, की आधी दिवा लुकलुकतो. आठ सेकंद वाट बघतं. मग बझर, पुन्हा आठ सेकंद. तरीही माणूस हलला नाही तर गाडीला स्वतःच इमर्जन्सी ब्रेक लागतो. माणूस झोपला, बेशुद्ध पडला, मेला, काहीही झालं तरी गाडी थांबली पाहिजे. त्या बझरला मी किती वर्षं शिव्या घातल्या. आणि घरी येऊन दहा वर्षांच्या नातीला असं यंत्र दिलं जे माणूस पडल्यावरही चालत राहतं.

पेट्रोलच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांना यासाठी लाल गुंडाळीची दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा मनगटाला, दुसरं स्विचमध्ये. माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन बंद. अमेरिकेत एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या, 3 एचपी आणि त्यावरच्या बोटींना ही दोरी अंगाला लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आमची अर्ध्या एचपीची त्या हिशेबात बसतच नाही, त्यामुळे बनवणाऱ्यानेही दिलेली नाही. म्हणजे "लहान मोटर आहे, मुलांना चालेल" असं आपण समजतो आणि लहान आहे म्हणूनच तिला दोरी नाही.

मग स्वतः बनवायला घेतली. पहिला प्रयोग, ई-रिक्षाच्या बॅटरीला असतो तसला जाड प्लग मध्ये टाकला आणि त्याला दोरी बांधली. दोरी ओढली की प्लग निघतो. दिसायला उत्तम. पण तो प्लग ओढायला माझा जोर लागतो. सात वर्षांचं पोर जाकीट घालून पाण्यात पडलं की त्याचं वजन पाण्यात जवळपास उरतच नाही, प्लग कसा निघणार? दुसरा प्रयोग, ट्रॅक्टरच्या स्टार्टरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. पाच मिनिटांत तापून वास आला. फैजपूरचा वायरमन हसला. म्हणाला, "बाबा, हा दोन-चार सेकंदांचा गडी आहे, दिवसभर उभा राहायचा नाही." तिसऱ्या खेपेला जमलं. सतत चालणारा 12 व्होल्टचा डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे तसाच पण न तापणारा मोठा स्विच, त्याच्या आधी छोटा रिले आणि चुंबकाची किल्ली. व्यायामाच्या ट्रेडमिलला असते तशी, लाल दोरीची. चुंबक जागेवर असेल तरच कॉन्टॅक्टर धरून ठेवतो. चुंबक निघालं, वायर तुटली, काहीही बिघडलं, मोटर बंदच होणार. रेल्वेचा सिग्नलही असाच असतो, बिघडला तर लालच दाखवतो. सगळा खर्च 2,900 रुपये. ही वस्तू मोटरीच्या खोक्यातच यायला हवी होती.

चाचणी मी स्वतःवर केली. दोरी मनगटाला, दोन नंबरवर, आणि मागच्या बाजूने पडलो. पाणी डोक्यावरून जाईपर्यंत पंख्याचा आवाज बंद झाला होता. बोट आपल्या लांबीच्या दीडपट जाऊन उभी राहिली. पाच वेळा पडलो. पाचव्या वेळी बारक्या म्हणाला, "आबा, आता मी पडू?" त्यालाही पाडलं, जाकिटासकट, मी शेजारी पाण्यात राहून. पोराला एकदा मुद्दाम पाडलेलं बरं असतं, मग पडल्यावर ते ओरडत नाही, हात वर करतं.

दुसरी किल्लीही करून घेतली, ती मोठ्या माणसाच्या गळ्यात असते. पण एक लक्षात ठेवा, ती दुसरी किल्ली जागेवर लावली की पहिलीचा उपयोग संपतो, म्हणून ती फक्त बंद पडलेली बोट परत आणण्यासाठी आहे. चालू बोटीत दोन्ही लावू नका. चालू बोट मोठ्याने थांबवायची असेल तर फ्यूजशेजारी एक मोठं लाल बटण बसवलं आहे, ते दाबायचं. इंजिनात असिस्टंटच्या बाजूलाही इमर्जन्सी ब्रेक असतो, तसं.

पंख्याभोवती गावातल्या वेल्डरकडून जाळीचं कडं करून घेतलं. वेग थोडा कमी झाला, हरकत नाही. केस मोकळे, ओढणी, शर्टाची सुटलेली दोरी हे सगळं काठावर. पाण्यात कोणी उतरलेलं असेल तर किल्ली लावायचीच नाही.

आणि पुकारा. गाडी चालवताना आम्ही सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने बोलायचा, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. तोच नियम इथे लावला. चालवणाऱ्याने विचारायचं, "जाकीट?" बाकीच्यांनी, "लावलं." "दोरी?" "लावली." "पाणी?" मग चारी बाजूंना बघून, "मोकळं." तिन्ही उत्तरं आल्याशिवाय मूठ फिरवायची नाही. पहिल्या दिवशी पोरं हसली. आता मी विसरलो तर तीच मला उतरवतात.

जाकिटांबद्दल. सोबत आलेली फुकटची जाकिटं म्हणजे फोमचे दोन तुकडे आणि एक पट्टा. मांड्यांमधून जाणारा पट्टा नाही, त्यामुळे पाण्यात पडलं की जाकीट वर आणि पोर खाली. मी वेगळी मागवली, मुलांची 2,400 ला एक. बघायचं काय ते सांगतो. न्यूटन म्हणजे तरंगवायचा जोर. 50 न्यूटनचं लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी फक्त मदतीचं आहे. मुलांसाठी 100 न्यूटन किंवा वरचं, मानेमागे कॉलर असलेलं, जे पडल्यावर तोंड वर करतं. माप वयावर नाही, वजनावर घ्यायचं. दोन वर्षं चालेल म्हणून मोठं घेऊ नका, हा शाळेचा गणवेश नव्हे. घातल्यावर पोराला हात वर करायला सांगा आणि खांद्यावरून जाकीट वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर मोठं झालं, परत करा. दंडाला बांधायचे फुगे आणि कमरेची रबरी रिंग यांचा इथे काही उपयोग नाही. आणि मोठ्यांनीही घालायचं. मी पोहतो, तापीत पोहलेला आहे, तरी घालतो. त्या सकाळनंतर तर बोलायलाच नको.

शेततळ्याबद्दल एक गोष्ट बोटीहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे पोरं शेततळ्यात बुडतात ती खोलीमुळे कमी आणि प्लास्टिकमुळे जास्त. पोहता येतं, काठापर्यंत येतात, पण 500 मायक्रॉनचं ओलं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, भिंत तिरकी. पाय ठरत नाही, हाताला काही लागत नाही, दमून खाली जातात. मी पडलो तेव्हा मलाही वर चढता आलं नाही, दोर होता म्हणून आलो. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, दर दहा मीटरवर एक, एका बाजूला जुन्या टायरांची शिडी. तळ्याला कुंपण आणि कुंपणाला कुलूप. बोट घ्या न घ्या, हे कराच. यासाठी ना बोट लागते ना 19,500.

उन्हाचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे 44-45 अंश. एकदा बोट भरलेली तशीच काठावर राहिली, जेवायला गेलो. भरीत आणि कळण्याची भाकरी होती, जरा जास्त वेळ लागला. येऊन बघतो तर बोट ढोलासारखी टणक आणि तळाची एक शिवण उघडलेली. हवा तापली की फुगते, तिला जायला जागा नसते. सकाळी पाण्यात टाकली की थंड पाण्याने परत मऊ पडते आणि माणूस अजून हवा भरतो, मग दुपारी फुटते. उपाय सोपा आहे, पाण्याबाहेर काढली की प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची. कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी महिन्याने एक चिकटवायचं ठिगळ पाठवलं, पत्राशिवाय. बोटीचा एक तारा इथे गेला.

वारा हा वेगळा शत्रू आहे. हवेच्या बोटीचा तळ सपाट, वजन नाही, वारा तिला पतंगासारखी नेतो आणि अर्ध्या एचपीला तो वारा कापता येत नाही. उन्हाळ्यात चारनंतर आमच्याकडे कधी वावधन, म्हणजे वादळ, उठेल सांगता येत नाही, केळीवाल्यांना विचारा. म्हणून बोट फक्त सकाळी, नऊच्या आत. पश्चिमेला धूळ दिसली की चालू फेरीही अर्धवट सोडायची.

"हतनूर धरणावर का नेत नाही, एवढं मोठं पाणी पडलंय," असं दोघा-तिघांनी विचारलं. हतनूरला 41 दरवाजे आहेत आणि ते माझ्या नातवंडांना विचारून उघडत नाहीत. बॅकवॉटरमध्ये मच्छीमारांची जाळी असतात, पाण्याखाली बाभळीचे बुंधे असतात. शिवाय सरकारी पाण्यात मोटर लावलेली नाव घालायची तर परवानगी आणि अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 हा सगळा विषय येतो. माझं 40 मीटरचं पाणी मला एका नजरेत दिसतं. पोर चालवतं तेव्हा तेवढंच पाणी पुरे.

वयाचं विचाराल तर विकणाऱ्याच्या पानावर "6+" लिहिलं आहे. ते बसण्याचं वय असेल. माझ्या मते दहाचं पोर, पोहता येणारं, मोठं माणूस बोटीत असेल तर चालवू शकतं. सातचं पोर दांड्यावर हात ठेवेल, पण त्या हातावर माझा हात असतो. बारक्याला हा मोठा अन्याय वाटतो. मी त्याला विचारलं, "मी पाण्यात पडलो तर आधी काय करशील?" तो म्हणाला, "तुम्हाला हात देईन." थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "किल्ली काढेन." ज्या दिवशी तो किल्ली म्हणेल त्या दिवशी हात काढतो.

तर विकत घ्यावी का? शेततळं असेल, वीजकामातला थोडा हात असेल आणि वर सांगितलेला खर्च धरून पन्नास हजारांची तयारी असेल तर घ्या. खोक्यातून काढून तशीच पोराच्या हाती देणार असाल तर घेऊ नका, पतंग घ्या.

मागच्या रविवारी आमच्या मंडळींनी पहिली फेरी मारली. वर्षभर नाही नाही म्हणत होती. मोठ्या मापाचं जाकीट तिच्यासाठी वेगळं मागवावं लागलं, तेही 2,400 लाच पडलं. थोरलीने जाकीट, दोरी, पाणी तिन्ही विचारून घेतलं, मग मनगटाला लाल दोरी बांधून दिली. दांडा डावीकडे ढकलला आणि बोट उजवीकडे निघाली तशी ती ओरडली, "हाऊ दांडा उलटा कसा शे?" दोन नंबरवर तिने तेलाचे चार कॅन आडवे केले आणि उतरायला तयार होईना.